उतारावरची पावलं

४ ऑगस्ट, सोमवार

आज तिसरी-चौथीला छतावरची पाल केलं. म्हणजे सांगितलं, डोळे मिटा, तुम्ही छताला चिकटलेली पाल आहात, आता खाली बघा, काय दिसतं? पहिली पाच मिनिटं सगळ्यांना फक्त किडे दिसले आणि ते खाऊनही झाले. मग टिटवी म्हणाली, "बाई, तुमचा भांग दिसतो." वर्ग खिदळला, पण मला हवं होतं ते हेच. वरून पाहिलं की माणसाचा चेहरा दिसत नाही, भांग दिसतो. टेबलाचे पाय दिसत नाहीत, चौकोन दिसतो. नकाशा म्हणजे एवढंच तर असतं. टिटवीने पाटीवर एक गोल काढला, मधे रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'बाई'.

टिटवी हे तिचं घरचं नाव नाही. काटकुळे पाय आणि काही नवं दिसलं की सगळ्यांच्या आधी हिचा आवाज, म्हणून वर्गाने ठेवलेलं. तिला ते आवडतं. वहीवरही तेच लिहिते.

मधल्या सुट्टीनंतर मोठ्या बाईंनी एक पत्र माझ्यापुढे सरकवलं. आमच्या शाळेत मोठी माणसं तीनच: मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात आणि ज्या पहिली-दुसरी सांभाळतात, मी, मानधनावरची, तिसरी-चौथीची, आणि शिपाईमामा. पत्रात लिहिलं होतं की पट तीसच्या खाली असेल आणि चालत जाण्याच्या मार्गाने एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा असेल, तर लहान शाळा तिच्यात विलीन करावी. आमचा पट सव्वीस. मोठ्या रस्त्यापलीकडची मोठी शाळा कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे सातशे मीटरवर. हरकत असल्यास महिनाअखेरपर्यंत लेखी कळवावी.

सातशे कसे? आमची वस्ती टेकडीच्या अंगावर आहे, वाट सापासारखी फिरत उतरते. कुणीतरी संगणकावर दोन ठिपके जोडून रेघ मारली असणार. उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार. मुलं काही भिंतींतून आरपार चालत नाहीत.

मी म्हटलं, आमची मुलं वाट मोजतील आणि नकाशा काढून हरकत म्हणून देतील. मोठ्या बाई बराच वेळ चष्मा पुसत होत्या. मग म्हणाल्या, "मोजा. मुलांना तेवढीच बाहेरची हवा."

त्यांचा पाठिंबा आहे हे पाहून बरं वाटलं.

६ ऑगस्ट, बुधवार

घरी पत्राबद्दल सांगितलं. आई म्हणाली, म्हणजे तुझीही नोकरी जाणार का? मी म्हटलं, प्रश्न माझा नाही. तर म्हणाली, "तुझा नसेल, आमचा आहे. आधी आपलं घर, मग गावचं दार."

पण प्रश्न खरंच माझा नाही. पाचवीला मुलांना मोठ्या शाळेत जावंच लागतं आणि मधे तो मोठा रस्ता आहे, अवजड गाड्यांचा, ना दिवा ना पट्टे. गेल्या वर्षी चौथी पास झालेल्या सहा मुलींपैकी पलीकडे गेल्या दोघी. उरलेल्या चौघी घरी भावंडं सांभाळतात. आता पहिलीपासूनच पलीकडे जावं लागलं तर किती जातील? मला पाचवीत वर्षभर बाबा पोचवायचे, हातात रंगाची बादली आणि ब्रश घेऊन. त्यांची सकाळची अर्धी रोजंदारी त्यात जायची. आमच्या घरात पदवी आली ती अशी.

दादा जेवता जेवता म्हणाला, टेम्पोच्या काट्यावर मोजून देतो, हवं तितकं अंतर येईल. शाळेच्या गल्लीत तुझा टेम्पो शिरेल का, असं विचारल्यावर त्याने आणखी भात वाढून घेतला.

११ ऑगस्ट, सोमवार

आज पाऊल ठरवलं. बाबांची मोजायची फीत आणली होती. व्हरांडा बरोबर दहा मीटर भरला. चौथीच्या अकरा जणांना एकेक करून नेहमीसारखं चालायला लावलं, फार लांब टांगा नाहीत, मुंगीची पावलं नाहीत. कुणाची एकोणीस भरली, कुणाची एकवीस. टिटवीची नेमकी वीस. सरासरी वीस. म्हणजे एक पाऊल अर्धा मीटर. फळ्यावर लिहिलं, दोन पावलं म्हणजे एक मीटर. किती सुटसुटीत उत्तर. स्वतःच्या पायांत मोजपट्टी आहे हे कळल्यावर मुलं दिवसभर सगळं मोजत होती. पाणी प्यायला जातानासुद्धा तोंडाने आकडे. एक जण घरी जाताना सांगून गेला की शिपाईमामांच्या स्टुलापासून दारापर्यंत मामांना सहा पावलं लागतात, पण घंटा द्यायला उठायला पंधरा मिनिटं.

त्यांना एक वाक्य तीनदा म्हणायला लावलं: जे आहे ते काढायचं, जे हवं ते नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

वाट मोजून झाली. असा दिवस माझ्या नोकरीत यापूर्वी आला नव्हता.

तीन गट केले. एका गटाने पावलं मोजायची आणि शंभर झाली की पिशवीत एक खडा टाकायचा. दुसऱ्याने होकायंत्र धरून वळणावर दिशा सांगायची. तिसऱ्याने डाव्या-उजव्या हाताला काय काय आहे ते लिहायचं. केशकर्तनालयातला माणूस कात्री हातात घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, आमचं दुकान नीट काढा, मागच्या वेळी सरकारी माणसांनी आम्हाला गटारात दाखवलं होतं. मुलांनी त्याला कात्रीची खूण दिली. तो खूश.

खरा वाद झाला कुत्र्यावरून. खालच्या वळणावर एक चावरा कुत्रा बसतो. तिसऱ्या गटाने त्यालाही खूण दिली होती. मी म्हटलं, नकाशात न हलणाऱ्या गोष्टी काढतात. तर म्हणे, "तो हलत नाही बाई. म्हणूनच तर आपल्याला हलावं लागतं." राहू दिला.

मोठा रस्ता ओलांडताना मी आणि शिपाईमामा दोन्ही बाजूंना हात पसरून उभे राहिलो. तरी एक गाडी थांबली नाही. लहानातली एक मुलगी रडली. शाळेच्या फाटकापर्यंत बावीस खडे आणि वर साठ पावलं. दोन हजार दोनशे साठ. दोनने भागलं की अकराशे तीस मीटर.

किलोमीटरच्या वर एकशे तीस. रस्त्यातच मुलांनी उड्या मारल्या. मीही मारली असती, पण मामा बघत होते.

२० ऑगस्ट, बुधवार

नकाशा पूर्ण झाला. मोठे कागद जोडून, एक सेंटीमीटरला दहा मीटर. वर उत्तर, कोपऱ्यात प्रमाण, बाजूला खुणांची यादी: नळ, पायऱ्या, गिरणी, कात्री, कुत्रा. खाली अकरा जणांच्या सह्या. टिटवीने सहीपुढे स्वतःच्या पावलाची लांबी लिहिली. मी गुंडाळी केली, ब्राऊन कागदात बांधली, चिकटपट्टी लावली आणि स्वतः कार्यालयात नेऊन दिली. कारकुनाने कपाटावर ठेवली.

बाबांना आधी दाखवला होता. त्यांनी चष्मा लावून खूप वेळ बघितलं आणि विचारलं, यात आपलं घर कुठे? आपलं घर त्या वाटेवर नाही, असं सांगितलं तरी ते शोधतच होते.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज कार्यालयाकडून दोन माणसं आली. मुलं घरी गेल्यावर त्यांनी दोन्ही वर्ग फितीने मोजले, भिंतीला किती कपाटं बसतील ते लिहून घेतलं. बाकांची मोजणी करून गेले. मोठ्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "ठेवायला जागा लागते त्यांना."

नकाशा पोचून तीन दिवस झाले नाहीत तोवर आम्हाला कपाटं मिळायला लागली. कागदावर नीट मांडलं की ऐकतात, हे मी दादाला नेहमी सांगते. शिपाईमामा मात्र उगाच चिडले. स्टूल उचलून आत घेऊन गेले.

२७ ऑगस्ट, बुधवार

कसं लिहू कळत नाही.

टिटवीला आपल्या घराचा नकाशा काढायचा होता, शाळेपासून घरापर्यंत. तिचं घर उताराच्या मधे आहे. ती दहा मीटरची गाठींची दोरी मागून घेऊन गेली होती. आज सकाळी फाटकातच मला गाठलं.

"बाई, उतारावर वीसला दहा होत नाहीत. सत्तावीस होतात."

मी म्हटलं, चुकली असशील. तर म्हणाली पाच वेळा केलं. उतरतानाही सत्तावीस, चढतानाही सत्तावीस. आणि चालून दाखवलं. उतारावर माणूस पाय जपून टाकतो. पाऊल लहान पडतं. एवढी साधी गोष्ट. मी स्वतः तो उतार रोज उतरते, आणि पाऊल ठरवलं ते सपाट व्हरांड्यात.

आमच्या वाटेचा निम्म्याहून जास्त भाग उतार आहे.

दिवसभर शिकवलं, काय शिकवलं आठवत नाही. कागदावर आकडेमोड केली, मग कागद फाडला. अंदाजाने काही ठरवायचं नाही. मोजायचं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

मोठ्या बाईंना सांगितलं. त्या पहिलीच्या वह्या तपासत होत्या, मान वर केली नाही. म्हणाल्या, दिलं ते दिलं. मी म्हटलं, पण ते चुकीचं असेल तर? आपण मुलांकडून सह्या घेतल्यात. त्यावर त्यांनी लाल पेन खाली ठेवलं.

"बाळ, तुझ्या आकड्याने काही होणार नाही. ना या, ना त्या. मुलांना त्यात आणखी ओढू नकोस."

बत्तीस वर्षं नोकरी केल्यावर माणूस असा होतो का? चूक कळल्यावरही झाकून ठेवायची? मला त्यांचा राग आला, आणि राग आला म्हणून वाईटही वाटलं, कारण पहिल्या पगारापर्यंत रोज डब्यातली अर्धी भाजी त्यांनी मला दिली होती.

३१ ऑगस्ट, रविवार

दोरीने मोजलं. सुट्टी असूनही अकराच्या अकरा आले. दहा मीटरची दोरी, दोन टोकांना दोघं, प्रत्येक वेळी खडूची खूण.

नव्वद दोऱ्या झाल्या तेव्हा आम्ही मोठ्या रस्त्यावर होतो. तिथून शाळेचं फाटक दिसतं. सगळ्यांना समजलं. मग एक जण हळूच म्हणाला, बाई, वळणावर बाहेरच्या बाजूने धरली असती तर? मी कडक आवाजात नाही म्हटलं. पण त्याचं तोंड पाहून परत मागे गेलो आणि तीनही वळणं बाहेरून धरली. बारा मीटर वाढले. सरळ वाटेने नऊशे बहात्तर, बाहेरून नऊशे चौऱ्याऐंशी.

"दोरी जरा सैल सोडू या ना," दुसरी म्हणाली. "कोण बघतंय?"

आपण बघतोय, असं मी म्हटलं. वाक्य बरोबर होतं. त्यांना ते आवडलं नाही.

अठ्ठावीस मीटर. आमच्या व्हरांड्याच्या तिप्पटही नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

दुरुस्तीचं पत्र लिहिलं. तीनदा लिहिलं, मग वर्गात वाचून दाखवलं, कारण सह्या त्यांच्या होत्या आणि त्यांना कळायला हवं. पत्रात हेही लिहिलं की ही चूक आमच्या चौथीतल्या एका विद्यार्थिनीने स्वतःच्या निरीक्षणातून शोधून काढली. वाचताना टिटवीला उभं केलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितलं. शाळा राहो न राहो, खरं शोधणाऱ्याचा मान झाला पाहिजे. टाळ्या वाजल्या. फार नाही, पण वाजल्या. टिटवी पायाच्या अंगठ्याने फरशी घासत उभी होती. कौतुकाची सवय नाही तिला.

दुपारी कार्यालयात गेले. कारकून म्हणाला, हरकतींची मुदत काल संपली. मी म्हटलं, ही हरकत नाही, माझ्याच हरकतीची दुरुस्ती आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, शेजारच्याकडे पाहिलं, आणि शेजारचा म्हणाला, "घे रे. अशी माणसं रोज येत नाहीत."

पत्र फाइलला लावायला त्याने कपाटावरून आमची गुंडाळी काढली. ब्राऊन कागद, चिकटपट्टी, सगळं मी बांधलं तसंच. कागद चुरगळू नये म्हणून जपून ठेवलाय. पोचपावतीवर शिक्का मारला तो जुन्या तारखेचा. शिक्क्याची चाकं फिरवायला कुणाला सवड नसते. मी तारीख पेनने दुरुस्त करून घेतली.

घरी आईला सांगितलं. ती शिलाईच्या मशीनवर बसली होती. पाय थांबला नाही. "म्हणजे तू स्वतः जाऊन सांगून आलीस, की आमची शाळा बंद करा?" मी म्हटलं, तसं नाही. "मग कसं?" बाबा म्हणाले, अगं, भिंत मोजताना खिडकी वजा करावीच लागते. आई म्हणाली, तुम्ही खिडक्याच वजा करत बसलात जन्मभर, म्हणून हे घर असं आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

उत्तर नाही. वर्गात अभ्यास नेहमीसारखा चालू आहे. नकाशावर आता कुणी फारसं बोलत नाही, मीच काढते विषय. टिटवी हल्ली पहिल्या बाकावर एकटी बसते. मधल्या सुट्टीतही वर्गातच असते, दोरीच्या गाठी सोडवते आणि पुन्हा मारते. या वयात इतकी एकाग्रता क्वचित दिसते. कुणीतरी तिच्या वहीवर खडूने सत्तावीस लिहिलं होतं, मोठ्ठं. तिने पुसलं नाही. मला वाटतं तिला अभिमान आहे.

शिपाईमामा म्हणाले, बाई, पोरीला जरा मागे बसवा, पोरांच्यात. मी म्हटलं, पुढे बसणं चांगलंच की.

२२ सप्टेंबर, सोमवार

आदेश आला. एक तारखेपासून शाळा बंद, मुलं मोठ्या शाळेत, इमारत कार्यालयाच्या ताब्यात, जुने दप्तर ठेवण्यासाठी. माझं मानधन तीस तारखेपर्यंत.

कारण: अंतर एक किलोमीटरपेक्षा कमी.

पुढे आकडा लिहिला आहे तो सातशे. माझे नऊशे बहात्तरही त्यांनी घेतले नाहीत. पण किलोमीटरपेक्षा कमी हे मीच कबूल केल्यावर पुढचा आकडा काय करायचा त्यांना.

मोठ्या बाईंनी आदेशाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. अठ्ठावीस जुलै. "हरकती मागवल्या त्याच्या आठवडाभर आधीची तारीख आहे," त्या म्हणाल्या. "हे आधीच ठरलेलं होतं. मला तेव्हाच माहीत होतं. तू एवढ्या उमेदीने निघाली होतीस, माझ्याच्याने सांगवलं नाही. तुझं पत्र नसतं तरी हेच होणार होतं. ऐकतेस ना?"

फार चांगल्या आहेत त्या. माझ्या मनाला लागू नये म्हणून काय काय सांगतात. पण त्या कार्यालयातला शिक्का मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्यावर कुठलीही तारीख पडते. कपाटांसाठी वर्ग मोजला त्याचाही त्यांनी तेव्हापासून वेगळाच अर्थ काढलेला दिसतो.

दहा दोऱ्यांनी शंभर मीटर होतात. तीन दोऱ्यासुद्धा लागल्या नसत्या.

३० सप्टेंबर, मंगळवार

शेवटचा दिवस. पालक आले. मला वाटलं निरोपाला आले. मुलांकडून पत्राचं सगळ्यांना कळलं होतं. केशकर्तनालयवाला फाटकाबाहेरूनच म्हणाला, "आमची पोरं तुमच्याकडे शिकायला पाठवली होती, बाई. शाळा बुडवायला नाही." त्याच्यामागे तिघी-चौघी बायका होत्या. त्यांच्यात टिटवीची आई नव्हती. एकीने विचारलं, तुमची स्वतःची पोर असती तर लिहिलं असतंत का असं? मी हो म्हटलं. म्हणाली, म्हणूनच देवाने अजून दिली नाही.

मोठ्या बाई मधे आल्या आणि त्यांना आत नेऊन बसवलं. आत काय समजावलं माहीत नाही. बाहेर येतानाही त्यांचे चेहरे तसेच होते. पालथ्या घड्यावर पाणी. कागदावरच्या तारखेपेक्षा गल्लीत पसरलेली गोष्ट खरी असते.

भिंतीवरचे सगळे नकाशे काढले. शिपाईमामांनी विचारलं, ठेवायचे की टाकायचे? मी घरी आणले. आता आणून ठेवले आहेत पलंगाखाली आणि आईने एकदाही विचारलं नाही की हे काय.

६ ऑक्टोबर, सोमवार

मुलांना पलीकडे नेलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी साडेसातला उभी राहिले. सव्वीसपैकी पंधरा आली. काहींच्या आयांनी मला पाहून मुलांचा हात माझ्या हातातून काढून स्वतः धरला, पण पाठवलं. पहिलीतली एकही मुलगी नाही. टिटवी नाही.

मोठ्या रस्त्यावर पुन्हा हात पसरून उभी राहिले. गाड्या थांबायला चार मिनिटं लागली. मोठ्या शाळेत चौथीच्या वर्गात त्रेसष्ट मुलं. आमच्यातल्या सहा जणांना मागच्या भिंतीशी खाली बसवलं. भिंतीवर जगाचा नकाशा होता, खिळा निखळून एका बाजूला लोंबलेला. त्यांच्यातल्या एकाने मला दारातून विचारलं, बाई, इथे उत्तर कुठे?

परत येताना त्यांना विचारलं, टिटवी का नाही आली? एक जण म्हणाला, ती आमच्यात नाही.

म्हणजे वाटेवर एकत्र नव्हती, असंच म्हणायचं असेल त्याला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पंधराचे तेरा झाले. हजेरीची यादी मी माझ्यापुरती ठेवते. सोमवारपासून तीही ठेवता येणार नाही. बाबा ज्या दुकानातून रंग घेतात तिथे त्यांनी शब्द टाकला आणि मला गल्ल्यावर बसायला मिळालं आहे. वेळ सकाळी साडेसात ते रात्री आठ. मालक बाबांना म्हणाले म्हणे, शिकलेली मुलगी आहे, मोजमापात चुकणार नाही.

म्हणून आज टिटवीकडे गेले. घर बंद होतं. शेजारणीने सांगितलं, लॉन्ड्रीत असतील दोघी. लॉन्ड्री वस्तीच्या मागच्या अंगाला आहे, हॉटेलांच्या चादरी येतात तिथे. आत वाफ इतकी की दारातच डोळे चुरचुरले. तिची आई इस्त्रीवर होती. टिटवी खाली गोणपाटावर बसून उशांचे अभ्रे जोडीजोडीने लावत होती, डाग असलेले एका बाजूला. मला बघून उठली नाही. हात मात्र थांबले.

आईने इस्त्री उभी केली, स्टूल पुसून दिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"पाठवायला माझी ना नव्हती, बाई. पोरांच्या घोळक्याबरोबर जाईल, असं धरून चालले होते. पण घोळका हिला घेत नाही. म्हणतात, हिनेच शाळा घालवली. पहिल्या दिवशी निम्म्या उतारावरून परत आली. एकटीला त्या रस्त्यावर कशी सोडू? मी सातला इथे असते."

टाळ्या वाजवायला मीच सांगितल्या होत्या.

मग मी म्हणाले, मी नेईन, रोज. तिने विचारलं, किती दिवस? सोमवारचं दुकान आठवलं आणि मी खाली बघितलं. ती म्हणाली, "तुमच्यावर राग नाही माझा. चहा घेता?"

निघाले तेव्हा टिटवी कोपऱ्यापर्यंत आली. हात वाफेने सुरकुतलेले. मी विचारलं, काम जमतं का? म्हणाली, जमतं, दिवसाला तीनशे जोड्या होतात. थोडं चालल्यावर थांबली.

"बाई, मी ते सत्तावीसचं सांगितलं नसतं तर शाळा राहिली असती ना?"

मी मुलांशी कधी खोटं बोललेले नाही. उत्तर मला माहीत होतं. अकराशे तीसचा नकाशा मुदतीत पोचला होता, अकरा सह्यांचा, नीट बांधलेला. तो तसाच राहिला असता तर शाळा राहिली असती. हे मी महिनाभर रोज स्वतःला सांगते आहे.

"नाही गं," मी म्हणाले. "तरीही बंदच झाली असती. ते आधीच ठरलेलं होतं."

मोठ्या बाईंचे शब्द होते. दुसरे मला सुचले नाहीत.

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, वर्गात कुणी पाढा चुकला की बघायची तशी. मग "बरं" म्हणाली आणि आत गेली. तिचे अभ्रे राहिले होते.

आयुष्यात पहिल्यांदा मुलाशी खोटं बोलले, आणि तेही तिला खरं वाटलं नाही.